नळीत उरलेलं पाणी: बोटीवरच्या संडासाची देखभाल

बोटीवरचा संडास बिघडला की सगळ्यात आधी पंप उघडला जातो. दांडा हातात असतो, तो जड झालेला असतो किंवा नुसताच वर-खाली होत असतो, म्हणून दोष त्याच्या माथी जातो. नवा दुरुस्ती संच बसतो, चार दिवस बरे जातात, आणि मग तोच वास, तोच जडपणा, भांड्याच्या तळाशी तेच पिवळट पाणी. पंप बिचारा बहुतेक वेळा सोसत असतो. मूळ दुखणं त्याच्या मागच्या नळीत असतं, आणि नेमकं सांगायचं तर फ्लश झाल्यावर त्या नळीत उरलेल्या पाण्यात.

इथे मुख्यतः दट्ट्याचा हातपंप असलेला संडास धरला आहे. भांड्याला लागून उभा सिलिंडर, वर-खाली करायचा दांडा, आणि ‘ओलं’ (समुद्राचं पाणी भांड्यात येऊ देणारं) व ‘कोरडं’ (नुसतं भांडं रिकामं करणारं) अशा दोन बाजूंना फिरणारा खटका. जॅब्स्को कंपनीचा साधा हातपंप हा याचा सगळीकडे दिसणारा नमुना. यातला दट्ट्या दोन्ही अंगांनी काम करतो. त्याच्या वरच्या अंगाला समुद्राचं पाणी खेचून भांड्यात सोडायचं काम, खालच्या अंगाला भांड्यातला मैला ओढून मागे ढकलायचं. दोन्हीच्या मधे एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, बस्स. एवढं डोक्यात पक्कं असलं की बरीचशी निदानं जागेवरच होतात. दांड्याच्या सीलमधून वर पाझरतं ते फ्लशचं पाणी असतं, म्हणजे तुलनेने स्वच्छ. ओ-रिंग झिजली की मात्र दोन्ही अंगांचं पाणी मिसळतं, भांड्यात येणारं फ्लशचं पाणीच गढूळ दिसतं, आणि दांडा संशय यावा इतका हलका लागतो.

आता नळीचा हिशोब. बाहेर जाणारी नळी साधारणपणे 38 मिलिमीटर आतल्या व्यासाची असते. अशा नळीच्या एका मीटरमध्ये 1.13 लिटर पाणी मावतं. संडासापासून बोटीच्या बुडातल्या सीकॉकपर्यंत (समुद्राकडची वाट उघड-बंद करणारा कॉक), मधे वर चढून परत उतरणारी 3 मीटर नळी असेल तर तिच्यात जवळपास 3.4 लिटर. सात-आठ वेळा दांडा हलवून भांडं स्वच्छ दिसलं की माणूस बाहेर येतो, पण भांड्यातून गेलेलं तेव्हा नळीच्या चढावर लटकलेलं असतं. हात थांबला की चढावरचं सगळं खाली सरकून जोकर व्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपामागच्या परतीचं पाणी रोखणाऱ्या रबरी झडपेच्या, पाठीवर येऊन बसतं आणि पुढच्या फ्लशपर्यंत तिथेच मुरतं.

तुमच्या पंपाचा हिशोब एकदाच मोजून ठेवा. खटका ‘कोरडं’वर, भांडं रिकामं. त्यात मापून 2 लिटर पाणी ओता आणि भांडं रिकामं होईपर्यंत दांड्याचे पूर्ण फेरे मोजा. समजा 10 फेरे लागले, तर एका फेऱ्याला 200 मिलिलिटर. मग 3.4 लिटरची नळी पूर्ण बदलायला 17 फेरे हवेत, तेही ‘ओलं’वर, भांडं दिसायला स्वच्छ झाल्यानंतर. पाणी समुद्रात न जाता बोटीवरच्या मैल्याच्या टाकीत जात असेल तर एवढं पाणी परवडत नाही. तेव्हा निदान चढाचा सर्वांत उंच टप्पा ओलांडेपर्यंत तरी मारा. पलीकडचं आपोआप उतरतं. ही संख्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. पाहुण्यांना ‘भरपूर पंप करा’ म्हटलं की प्रत्येकाचं भरपूर वेगळं असतं.

पाणी परत येतं, पण कुठून?

भांडं रिकामं करून सोडलं आणि अर्ध्या तासाने त्यात पुन्हा पाणी दिसलं, तर काहीही खोलण्याआधी येणाऱ्या पाण्याचा सीकॉक बंद करा. भांडं पुन्हा कोरडं करा आणि थांबा. आता पाणी चढलं नाही तर दोष आत येणाऱ्या बाजूला आहे: खटक्याखालची झडप नीट बसत नाही किंवा सायफन (भरलेल्या नळीतून पाणी आपणहून वाहत राहणं) चालू आहे. तरीही चढलं तर ते मागून येतंय, म्हणजे जोकर व्हॉल्व्ह. रंग आणि वास बहुतेक वेळा सांगून टाकतात, पण जोकरमधून हळूहळू झिरपणारं पाणी कधी कधी चांगलंच नितळ असतं, म्हणून सीकॉकची चाचणी टाळू नका.

जोकर व्हॉल्व्ह म्हणजे बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा, टोकाला चीर. पंपाने पाणी ढकललं की चीर उघडते, थांबलं की ओठ मिटतात. चोचीचं टोक नेहमी नळीच्या दिशेने, भांड्यापासून दूर. उलटा बसवला तर पंप पहिल्याच फेऱ्यात दगडासारखा लागतो. तो खराब होतो तो तीन तऱ्हांनी. ओठांवर क्षार जमून ते मिटत नाहीत, केस किंवा धागा चिरेत अडकून राहतो, किंवा रबर सैल पडून चीर कायमची उघडी राहते. बोटीवर राहणाऱ्यांनी वर्षातून किमान एकदा, आणि वापर दाट असेल तर सहा महिन्यांनी बदलावा. सुटा भाग स्वस्त असतो आणि काम वीस मिनिटांचं. संपूर्ण संचाची वाट बघत तो लांबवण्यात अर्थ नाही. एक मात्र लक्षात घ्या: जोकर हा परतीचं पाणी कमी करणारा भाग आहे, समुद्र अडवणारा नाही. नवा कोरा जोकरसुद्धा थोडंफार पाणी सोडतो. त्याच्या भरवशावर सीकॉक उघडा ठेवून बोट सोडू नये.

सायफन

यात चूक झाली तर बोट बुडते. बहुतेक शिडाच्या बोटींत भांड्याची कड बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असते, किंवा बोट कलंडली की खाली जाते. नळी एकदा पाण्याने भरलेली असली आणि झडप नीट मिटली नाही की समुद्र आपणहून भांड्यात येत राहतो, भांडं भरतं, कडेवरून वाहतं. पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर असलेल्या 19 मिलिमीटरच्या उघड्या भोकातून मिनिटाला सुमारे 30 लिटर पाणी आत येतं, 38 मिलिमीटरच्या भोकातून सव्वाशेच्या आसपास. पंपातून येताना वेग यापेक्षा बराच कमी असतो, पण रात्र मोठी असते.

यावर उपाय म्हणजे व्हेंटेड लूप: उलट्या यू आकाराचा बेंड आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप. बोट जास्तीत जास्त कलंडलेली असतानाही बेंडचा माथा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर 15 ते 20 सेंटिमीटर राहायला हवा. सरळ उभ्या बोटीत मोजून बसवलेला लूप कलंडल्यावर पाण्याखाली जाऊ शकतो, विशेषतः संडास बोटीच्या कडेला असेल तर.

सर्वांत जास्त चूक होते ती आत येणाऱ्या बाजूच्या लूपच्या जागेत. तो सीकॉक आणि पंप यांच्या मधे लावला तर पंप पाण्याऐवजी त्या झडपेतून हवाच ओढतो, आणि ‘पंप पाणी खेचत नाही’ म्हणून पुन्हा पंप उघडला जातो. तो लावायचा पंप आणि भांडं यांच्या मधे. पंपाच्या माथ्यापासून भांड्याच्या मागच्या तोटीपर्यंत कारखान्यातून आलेली जी आखूड नळी असते ती काढून तिच्या जागी दोन लांब नळ्या आणि लूप. बाहेर जाणाऱ्या बाजूचा लूप संडास आणि सीकॉक यांच्या मधे, कुठेही सोयीने, पण उंचीची अट तीच.

लूपच्या माथ्यावरची झडप कुणी बघत नाही. मीठ सुकून ती बंदच अडकली तर लूप असून नसल्यासारखा; उघडी अडकली तर प्रत्येक फेऱ्याला कारंजं. दर तीन महिन्यांनी काढा, कोमट गोड्या पाण्यात धुवा, फुंकून बघा. एका दिशेने हवा जावी, दुसरीकडून नाही. रबर कडक झालं असेल तर तेवढाच तुकडा बदला.

आणि वापर झाला की खटका ‘कोरडं’वर. बोट सोडून जाताना दोन्ही सीकॉक बंद. सीकॉकच्या मुठीपर्यंत हात पोचत नाही अशा ठिकाणी तो असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा, बाकीचं नंतर. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली असावी. सीकॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद-उघड केला नाही तर तो नेमका गरजेच्या दिवशी हलत नाही. साध्या पितळेचा असेल तर जास्त सावध राहा: खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो, आणि एक दिवस मूठ पिरगळताना नळीची तोटीच हातात येते.

पंप उघडायचाच असेल तर

आधी स्वच्छ पाण्याने 30 फेरे मारा, मग दोन्ही सीकॉक बंद करा. भांडं कोरडं करून स्पंजने टिपून घ्या. खाली प्लास्टिकचा कागद, झाकणाची बादली, जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. नळीत राहिलेलं पाणी थोडं दाबाखाली असू शकतं, म्हणून पहिली क्लिप सैल करताना तोंड बाजूला ठेवा.

काम खालून वर नेण्यापेक्षा मागून पुढे नेणं बरं. आधी मागचा एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड) सोडवून जोकर काढा, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथूनच सांडतं आणि ते एकदाच सांडलेलं चांगलं. मग सिलिंडर तळापासून मोकळा करा. तळाशी वजन लावलेली रबरी झडप असते. तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण किंवा क्षाराचा खडा असला तरी दट्ट्या मैला ओढताना पकड सोडतो. वरचं झाकण उघडलं की आत येणाऱ्या पाण्याच्या झडपा असलेलं गास्केट दिसतं. जुनं काढण्याआधी फोटो घ्या. नवं गास्केट उलटं-सुलटं दोन्हीकडून जवळपास बसल्यासारखं वाटतं, आणि चुकीच्या बाजूने बसवलं की पंप सगळं करतो, फक्त पाणी आणत नाही.

सिलिंडरच्या आतून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर क्षार आहेत. व्हिनेगरमध्ये भिजवून प्लास्टिकच्या घासणीने काढा. धातूची घासणी नको. उभी चर लागली, म्हणजे नखाला अडकेल असा ओरखडा, तर नवी ओ-रिंग आठवडाभरही टिकणार नाही. तेव्हा अख्खा सिलिंडर बदलणंच शहाणपणाचं.

ओ-रिंग आणि दांड्याच्या सीलला ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं किंवा टेफ्लॉनचं. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा व्हॅसलिन काही जातींचं रबर फुगवतं, आणि तुमच्या संचातलं रबर कोणत्या जातीचं हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. भांड्यात खाद्यतेल ओतून दांडा हलका करायची जुनी पद्धत आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग ते तेल क्षारांशी आणि कागदाशी मिळून नळीत चिकटा तयार करतं. वारंवार तेल लागतंय याचा अर्थ ओ-रिंग कोरडी पडलीय किंवा सिलिंडरवर थर आहे.

पेच प्लास्टिकच्या आट्यांत जातात. परत बसवताना पेच आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याचा हलका टक् जाणवला की मगच सुलटा आवळा. समोरासमोरचे पेच जोडीने, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत. जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही, झाकण वाकतं. एका जरी पेचाचे आटे गेले तर त्या बाजूने हवा ओढली जाते आणि पंप पाणी धरत नाही.

पंप पाणी धरत नसेल आणि आत सगळं ठीक असेल तर या क्रमाने बघा: सीकॉक खरंच उघडा आहे का, बुडातल्या जाळीवर शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी नाही ना, गाळणी असेल तर तिच्या झाकणाची रिंग, मग आत येणाऱ्या नळीची प्रत्येक क्लिप. ओढणाऱ्या बाजूचं भोक पाणी गळत नाही, हवा ओढतं, म्हणून ते दिसत नाही. संशयित सांध्यावर साबणाचा फेस लावा आणि दुसऱ्याला पंप मारायला सांगा. फेस आत खेचला गेला की जागा सापडली.

दांडा जड लागतोय आणि सोडला की उसळून वर येतोय, तर ताबडतोब थांबा. पुढे कुठेतरी वाट बंद आहे: सीकॉक, टाकीकडे वळवणारा व्हॉल्व्ह, टाकीच्या हवेची नळी किंवा नळीतला तुंबा. रेटत राहिलात तर सगळ्यात कमकुवत सांधा सुटतो, आणि तो बहुधा कपाटाच्या आत असतो.

क्षारांचा थर, आणि व्हिनेगरचा गैरसमज

लघवीतला युरिया जिवाणूंमुळे फुटून अमोनिया तयार होतो, पाणी अल्कधर्मी होतं, आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम व मॅग्नेशियम कार्बोनेट आणि फॉस्फेटच्या रूपात बाहेर पडून नळीच्या भिंतीला चिकटतं. यासाठी लागतो तो वेळ आणि थांबलेलं पाणी. म्हणूनच थर सर्वांत जाड असतो तो जोकरच्या लगेच मागे, लूपच्या चढावर आणि नळी लोंबकळून जिथे खोलगट झोळ झालेला असतो तिथे. गोड्या पाण्याने फ्लश होणाऱ्या संडासात हा थर फारच सावकाश बसतो, कारण कॅल्शियमचा मोठा पुरवठा समुद्राचाच असतो.

3 मिलिमीटरचा थर काही वाटत नाही. पण 38 ची नळी 32 ची होते, वाहण्याची जागा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. थर 6 मिलिमीटर झाला की निम्म्याहून कमी उरते. दांडा हळूहळू जड होत जातो, आणि हाताला सवय होत जात असल्याने ते कळत नाही.

व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो अर्धाच बरोबर आहे. 5 टक्क्यांच्या एका लिटर व्हिनेगरमध्ये कागदावरच्या हिशोबाने 40 ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळते. वर सांगितलेला 3 मिलिमीटरचा थर एका मीटर नळीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त भरतो. म्हणजे मीटरमागे डझनभर लिटरच्या वर व्हिनेगर, तेही पूर्ण ताकदीचं. भांड्यात अर्धा पेला ओतून दोन फेरे मारले की ते नळीतल्या तीन लिटर पाण्यात मिसळून जातं आणि काहीच होत नाही. व्हिनेगर थर बसू नये म्हणून वापरायचं, बसलेला काढायला नाही. महिन्यातून एकदा, आधी ‘कोरडं’वर नळी शक्य तितकी रिकामी करून, मग भांड्यात लिटर-दीड लिटर व्हिनेगर, ते नळीत जाईल इतकेच फेरे, काही तास, आणि मग भरपूर पाणी. रात्रभर ठेवू नका. जोकरचं रबर त्याने सुजतं.

बसलेल्या थरासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, 10 टक्क्यांपर्यंत सौम्य केलेलं. तेवढ्याच लिटरमध्ये ते व्हिनेगरच्या साडेतीनपट चुनखडी खातं, आणि फार जलद. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. खिडक्या उघड्या, चष्मा आणि हातमोजे. भांड्यातून थोडं थोडं सोडा, फसफस थांबली की ते आम्ल संपलं असं समजून पुढचं सोडा. ओतूनही फेस येत नाही तेव्हा थर संपला. मधे वायू तयार होतो, म्हणून नळीची दोन्ही टोकं बंद करून ठेवू नका. ॲल्युमिनियमचा भाग मार्गात असेल तर हा उपाय नको, आणि स्टील व पितळेवरही आम्ल रेंगाळू देऊ नका. काम झालं की मोठ्या पाण्याने धुवा.

त्याच दिवशी, त्याच नळीत ब्लीच मुळीच नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बोटीचा संडास म्हणजे खिडकी नसलेलं कपाटच. ब्लीच आणि लघवीतला अमोनियासुद्धा घातक वायू देतात. शिवाय ब्लीच रबर खातं. बोटीच्या संडासात ब्लीचचं काहीही काम नाही.

थर फारच जुना असेल तर आम्लाच्या बाटल्या रिकाम्या करण्यापेक्षा नळी काढा, धक्क्यावर न्या, वाकवून काँक्रीटवर आपटा. थर कपच्यांनी निघतो. एल्बो, लूप आणि सीकॉकच्या तोटीतला थर मात्र हाताने खरवडावा लागतो, आणि तो विसरला तर नळी साफ करूनही दांडा जडच राहतो.

वास

सकाळच्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांना सडक्या अंड्याचा वास आला आणि मग गेला, तर तो मैल्याचा नाही. आत येणाऱ्या नळीत रात्रभर कोंडलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरतात, प्राणवायू संपतो, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. उरलेलं पाणी इथेही आहेच, फक्त दुसऱ्या नळीतलं. यासाठी चांगला जुगाड म्हणजे संडासातल्या बेसिनची निचऱ्याची नळी एका टी जोडाने सीकॉकच्या वरच्या बाजूला आत येणाऱ्या नळीशी जोडणं. बोट सोडताना सीकॉक बंद करा, बेसिन गोड्या पाण्याने भरा, पंप मारा. पंप बेसिनमधलं पाणी ओढतो आणि पूर्ण वाट गोड्या पाण्याने भरून राहते. बोटीच्या पिण्याच्या पाण्याची दाबाची नळी मात्र संडासाला थेट कधीच जोडू नका; एक झडप चुकली की मैला पिण्याच्या टाकीत.

वास सतत येत असेल तर नळीची परीक्षा घ्या. फडकं कडक गरम पाण्यात बुडवून पिळा, नळीभोवती गुंडाळा, गार होऊ द्या, मग बाहेर मोकळ्या हवेत नेऊन त्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला असेल तर नळी भिंतीतून पाझरते आहे. तिला बाहेरून धुवून, रंग लावून, टेप गुंडाळून काही होत नाही, बदला. मैल्यासाठीच बनवलेली जाड, आतून गुळगुळीत नळी घ्या. जुनी नळी पंपाच्या तोटीवरून हिसकून काढायला जाऊ नका, तोटी तुटते. टोकाला लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा. नवीचं टोक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलं आणि तोटीला भांडी घासायचा द्रव साबण लावला की ती सरकते. प्रत्येक टोकाला 316 स्टीलच्या दोन क्लिपा, पेच एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. पण तोटी आखूड असेल तर एकच. दुसरी क्लिप तोटीच्या पुढे गेली तर ती नळी कापते. आणि नळीला कुठेही झोळ राहू देऊ नका.

टाकीच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा तिच्या हवेच्या नळीत असतं. बारीक नळीतून टाकीला श्वास मिळत नाही, आत प्राणवायू संपतो, आणि दुर्गंधी निर्माण करणारे जिवाणू फोफावतात. 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, आखूड, सरळ चढणारी हवेची नळी, जमल्यास टाकीच्या दोन बाजूंना दोन, यासारखं औषध बाटलीत मिळत नाही. टाकी ओसंडली की मैला हवेच्या नळीत चढून सुकतो आणि ती बंद होते. मग टाकीत दाब साठतो, आणि डेकवरचं झाकण उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. ते झाकण नेहमी उभं राहून, बाजूने, पाव-पाव वळसा देत उघडावं. टाकी खोलून आत डोकावू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, म्हणजे नेमकी सूचनाच बंद पडते.

टाकी समुद्रात कुठे रिकामी करायची याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. मोठ्या जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टात दळलेल्या व निर्जंतुक केलेल्या मैल्याला किनाऱ्यापासून 3 सागरी मैल आणि कच्च्या मैल्याला 12 सागरी मैल हे अंतर आहे, आणि टाकीतला कच्चा मैला सोडताना जहाजाचा वेग किमान 4 नॉट (तासाला 4 सागरी मैल) हवा. छोट्या बोटींना ते परिशिष्ट थेट लागू नसतं, स्थानिक नियम लागतात, आणि ते बऱ्याचदा याहून कडक असतात. वळवणारा व्हॉल्व्ह टाकीच्या दिशेला पक्का बांधून ठेवण्याची सवय सगळीकडे चालते.

विजेवरचा असेल तर

नळी, लूप, जोकर, क्षार, सगळं तेच. फरक एवढाच की हाताला जडपणा जाणवत नाही, मोटरला जाणवतो. बटण दाबल्यावर नुसती घुं-घुं आली आणि काही फिरलं नाही, तर बटण लगेच सोडा. थांबलेली मोटर काही सेकंदांत तापते. पात्यात बहुधा धागा, केस किंवा ओला पुसायचा कागद असतो. ‘फ्लश करण्याजोगा’ असं पाकिटावर लिहिलेला कागदही बोटीत चालत नाही. कागदाची परीक्षा सोपी: बरणीत पाणी, दोन पानं, मिनिटभर हलवा. लगदा झाला तर चालेल, पान ओळखू आलं तर नाही.

मोटर आणि पंप यांच्या मधल्या भोकातून थेंब दिसला की शाफ्टचं सील गेलं. ते त्याच आठवड्यात बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं.

मोटर हळू फिरते अशी तक्रार असेल तर आधी व्होल्टमीटर, आणि तो मोटरच्या टोकांवर, ती चालू असताना. 12 व्होल्टची मोटर 20 अँपिअर घेत असेल आणि बॅटरी 5 मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन 10 मीटर तार होते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळपास 1.4 व्होल्ट वाटेतच जातात. 6 च्या तारेत 0.6, 10 च्या तारेत साधारण 0.35. मोटर बदलण्याआधी तार बदला.

काम पुरं झालं की हत्यारं आवरायची घाई नको. सगळे सांधे पूर्ण कोरडे पुसा, प्रत्येकाखाली कोऱ्या टिश्यूचा तुकडा ठेवा, दोन्ही सीकॉक उघडा, ‘ओलं’वर 20 फेरे, मग ‘कोरडं’वर भांडं रिकामं. टिश्यू बघा. सीकॉक तसेच उघडे ठेवून तासभर थांबा, पुन्हा टिश्यू बघा आणि भांड्यात पाणी किती चढलं ते बघा. दुसऱ्या दिवशी क्लिपा एकदा आवळा. गरम करून बसवलेली नळी गार झाल्यावर थोडी सैल पडते.